अर्धा कोयता

ये गं बाई, अशी जवळ सरक. उंबऱ्यात बसून ऐकणाऱ्याला अर्धंच कळतं. आणि मघाशी तू कुणाच्या सुनेला फटदिशी आळशी म्हणालीस, ते मला न्हाई आवडलं. ह्याच एका शब्दापायी आमच्या घरात एक बाई संपत आली होती.

माझी धाकटी जाऊ. नामांतरावरून मराठवाडा पेटला, त्याच्यानंतरची दोन-चार वर्सं असतील. जिंतूरकडं आमची थोडी कोरडवाहू जमीन. ती आमी बघायची आणि धाकट्या दिरानं बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचं, असं ठरलेलं. तिकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावर गाडीपर्यंत नेणार. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्याला मुकादम उभं करत न्हाई.

दुसऱ्या लेकरानंतर ती बदलली. तोंड सुजलं, केस मूठमूठ गळाले, आवाज गड्यासारखा जाड झाला. गळ्याला पुढून फुगवटा आला. चैताच्या उन्हात वाकळ पांघरायची. तव्यावर भाकरी करपली तरी हलायची न्हाई.

"म्हैस झालीय नुसती," आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, म्हणायच्या. "खाती अन लोळती."

"म्हैस दूध तरी देती की गं आये," दीर म्हणायचा.

सगळे हसायचे. तीपण हसायची, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

गळ्यावर बिब्ब्याचे चटके दिले. फोड आले, गाठ तशीच. शेवटी मी तिला एस्टीत घालून परभणीला नेलं. डॉक्टरनं गळा चाचपला, रक्त काढून औरंगाबादला धाडलं. पुढच्या खेपेला म्हणाला, "गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते. सगळ्या अंगाचा वेग तिच्या हातात. रोगाशी लढणारी जी ताकद आपल्या अंगात असते, तीच चुकून हिच्या ग्रंथीला परकी समजून मारतेय. म्हणून ही थंड पडत चाललीय. आळस नाही हा."

"म्हणजे घरातल्याच माणसाला चोर समजून बडवावं, तसं?"

"अगदी तसं. ग्रंथीला जे बनवता येत नाही, ते ह्या गोळीत आहे. रोज सकाळी अनशापोटी एक. जन्मभर. चांगलं बरं वाटायला दोन-तीन महिने जातील."

"जन्मभर गोळी खायची तर मग बरी काय झाली?" आत्याबाईंनी घरी विचारलं.

जावेच्या डोक्यात मात्र ते दोन-तीन महिनेच बसले. दसऱ्याच्या सुमाराला मुकादम येणार होता, आणि दिरानं बजावून ठेवलं होतं, "यंदा उठली न्हाईस तर मी दुसरी आणणार. अर्ध्या कोयत्यानं पोट भरत न्हाई."

म्हणून तिनं कुणाला न सांगता तीन-तीन, चार-चार गोळ्या खायला सुरुवात केली. नवरात्रात तिचे हात कापायला लागले. कणीक मळताना परात वाजायची. छाती धडधडायची, घाम थांबायचा न्हाई. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, अंगात आलंय. तिची ओटी भरली, पाया पडल्या. मी एकटीनं गोळ्यांची डबी उघडून बघितली, तर तळ दिसायला लागलेला.

"अक्का, लवकर बरं व्हायचंय मला," एवढंच म्हणाली.

मी आत्याबाईंना समजावलं, एकीच्या जागी चार खाल्ल्या, त्यात गोळीचा काय दोष? पण त्यांनी डबी उकिरड्यात फेकली. म्हणाल्या, "इख हाय ते."

मुकादम आला तेव्हा तिच्या अंगात त्या गोळ्यांचा जोर अजून उरला होता. सूज उतरलेली, पाय भराभर उचलायली होती. "बाई चपळ हाय की," तो म्हणाला. दिराची मान ताठ झाली. गाडीत चढताना तिनं माझ्याकडं असं बघितलं, जशी काय परीक्षा पास झालीय.

पुसाच्या थंडीत तिकडं ती पुन्हा विझत गेली. मोळी बांधता बांधता तिथंच झोपायची. लोक पाणी मारायचे, हसायचे. एका सकाळी हाका मारूनही उठली न्हाई. अंग गारठून लाकडासारखं झालेलं. रिकाम्या ट्रकात घालून परभणीला आणली. दवाखान्यात तिचा श्वास असा यायचा, की मी एकेकाची वाट बघायची. वाचली ती. पण दिरानं तोवर टोळीतलीच एक बाई जोडीला घेतली होती. त्याचा कोयता पुरा झाला. लेकरं त्यानं ठेवून घेतली. हिला न्यायला तो कधीच आला न्हाई.

तवापासून ती माझ्याकडं हाय. सकाळची गोळी मी माझ्या हातानं देते. सूज गेली, काम करती, पण त्या थंडीत तिच्यातलं काहीतरी गेलं ते गेलंच. बोलायला वेळ लागतो. एक वाक्य सुरू करती, मधी थांबती, शब्द हुडकती. तोवर आलेलं माणूस चप्पल घालून उठलेलं असतं. तिला लेकरांचं लय काही सांगायचं असतं, आणि माझं तर सगळं पाठ झालंय. तू ये बाई पुन्हा, लवकर ये. सवड काढून ये, आणि तिचं बोलणं पुरं होईस्तोवर बस.