सवतीची पताका

माझी मावशी गोदीच्या निशाणखोलीत शिवणकाम करायची. युद्धनौकांवरची निशाणं कुणीतरी बसून शिवतं, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. वाऱ्याने त्यांच्या कडा फाटल्या की ती दुरुस्तीला परत यायची. त्यांत नवऱ्याच्या बोटीचं निशाण असलं, तर मावशी ते दुसऱ्या कुणाच्या हाती लागू द्यायची नाही.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, त्या बोटीच्या बॉयलरवर होते. लग्नाचे फोटो धुऊन यायच्या आतच ते समुद्रावर गेले, आणि पुढे निम्मा संसार असाच झाला. मावशी त्या बोटीला सवत म्हणायची. "नवरा तिच्याकडे आणि तिचे कपडे शिवायचे मी," असं ती शेजारणींना हसत हसत सांगायची. धुराने काळवंडलेलं निशाण आलं, की यांचेच हात लागले असणार म्हणून पुटपुटायची आणि स्वतः धुवायची. काका मात्र घरी आले तरी बोलायचे कमी. कुठे गेला होता विचारलं, तर पाण्यावर, एवढंच उत्तर मिळायचं.

दोघंही निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी बोटीचाही नंबर लागला. बोटीवरचा एक तरुण अधिकारी घरी आला. सेवेतून निवृत्त होणाऱ्या नौकेच्या डोलकाठीवर शेवटच्या दिवशी एक अरुंद, भलीमोठी पताका लावतात, बोटीच्या लांबीहूनही मोठी. निशाणखोली तर केव्हाच बंद पडली होती. मावशीने ती शिवून द्यावी, अशी त्याची विनंती होती. मावशी लगेच हो म्हणाली. काका उठून गॅलरीत गेले. अधिकारी गेल्यावर आत येऊन म्हणाले, "तू शीव. पण मी काही तिथे येणार नाही."

मावशीने वाद घातला नाही. तिने मशीनला तेल घातलं. दोन-चार दिवसांत कापड टेबलावरून बाहेरच्या खोलीत, तिथून पॅसेजमध्ये आणि स्वयंपाकघरात पोचलं. प्यायला पाणी घ्यायचं तरी काकांना पाय उचलून, कापड ओलांडून जावं लागे. आधी ते कुरकुरले. मग एका दुपारी खुर्ची ओढून त्यांनी दुसरं टोक हातात धरलं. कापड ताणून धरलं की शिवण चुणत नाही, एवढं त्यांना इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं. पताका पुरी होईपर्यंत ते रोज येऊन बसत होते.

समारंभाच्या दिवशी मावशी तयार होऊन बाहेर आली, तर काका कोट घालून दाराशी उभे. तिने फक्त त्यांची कॉलर सारखी केली.

मीही त्यांच्याबरोबर होतो. बोट धक्क्याला लागलेली होती. जुन्या नौसैनिकांना वर फिरायला परवानगी होती. काकांनी बॉयलरजवळच्या लोखंडी भिंतीला तळवा टेकवला आणि तसाच राहू दिला. "गार पडली आहे गं," ते मावशीला म्हणाले. "माझ्या वेळी इथे हात ठेवला तर चटका बसायचा."

संध्याकाळी आम्ही खाली खुर्च्यांवर येऊन बसलो. सैनिक रांगेत उभे राहिले, भाषणं झाली. पताका डोलकाठीपासून बोटीच्या मागच्या टोकावरून थेट आमच्या धक्क्यापर्यंत तरंगत होती. आणि ऐन वेळी वारा पडला. ती लांबलचक पताका हळूहळू खाली आली आणि तिचं टोक धक्क्याच्या कडेवरून गोदीच्या तेलकट पाण्याकडे घसरू लागलं. सगळे बघत होते. पण बिगुल वाजायच्या बेतात होता, रांग मोडायची कुणाला सोय नव्हती.

काका उठले. गुडघे दुखत असतानाही भराभर चालत कडेला गेले, वाकले आणि त्यांनी ते टोक उचलून छातीशी धरलं. पहाऱ्यावरचा सैनिक पुढे सरकला, तेव्हा कप्तानाने हातानेच त्याला थांबवलं. मग खुर्च्यांमधून आणखी एक म्हातारा उठला, पाठोपाठ तिसरा. तिघेही ताठ उभे राहिले. बिगुल वाजला, मागचं निशाण सावकाश उतरलं, घडी घालून कप्तानाच्या हातात दिलं गेलं. मावशीने डोळे पुसले नाहीत. ती नुसती बघत राहिली, आणि म्हणाली, "बिचारी. वाईट नव्हती हो."

परतताना काकांच्या कोटावर तेलाचा हा मोठा डाग पडला होता. घरी आल्यावर मावशीने तो स्वतः धुवायला घेतला.

त्या रात्री जेवताना काका आपणहून बोलू लागले. ऐन वादळात एकदा बॉयलर बंद पडला होता, बोट पाचोळ्यासारखी फिरत होती, आणि अंधारात ते भीतीने रडले होते. हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. मावशीने वाढता वाढता हात थांबवला. "मग?" तिने विचारलं. काका सांगत गेले. पानातलं अन्न गार झालं तरी दोघंही उठली नाहीत.