घरच्या घरी मेक्सिको

जगातली कुठलीही गोष्ट घरच्या घरी आणि कमी खर्चात होते, यावर माझ्या भाऊजींइतका विश्वास असलेला माणूस मी पाहिलेला नाही. शहाडच्या त्यांच्या घरातला कूलर प्लास्टिकच्या पिंपाचा आहे. तो सुरू केला की वारा कमी आणि शिंतोडेच जास्त येतात, म्हणून उन्हाळ्यात आम्ही तिकडे टॉवेल घेऊनच जातो. केस ते स्वतःचे स्वतः कापतात आणि मग आठवडाभर घरातही टोपी घालून वावरतात. कोणी हॉटेलात जाऊ या म्हटलं, की "कशाला? घरी होतं ते!" हे ठरलेलं.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी नोकरीसाठी मेक्सिकोला गेली. तिकडे ती तापाने पडली तेव्हा घरमालकिणीने तिला चिकनचं सूप करून पाजलं आणि पोरगी त्या सुपाच्या प्रेमातच पडली. आणखी दोन वर्षं तिथे राहायचं की परत यायचं, हे ती सुट्टीत येऊन ठरवणार होती. भाऊजींच्या मते सगळं अडलं होतं ते सुपापाशी. त्यांनी फोनवरून कृती घेतली. कोंबडी, टोमॅटो, मक्याचे दाणे, राजमा, हिरवी मिरची, कोथिंबीर, वरून लिंबू. "अरे, हे तर सगळं आपल्या बाजारात मिळतं! यात मेक्सिकोचं काय?" वरून घालायच्या मक्याच्या कुरकुरीत पट्ट्यांऐवजी त्यांनी शिळ्या पोळ्या कातरून तळल्या. पंचाईत एकच होती. उकळी फुटली, की त्यांचा हात आपोआप भाजक्या खोबऱ्याच्या वाटणाकडे जायचा. "अहो, हा आपला कोंबडीचा रस्साच झाला की!" ताई म्हणायची. बुधवार, शुक्रवार, रविवार असे तीन आठवडे आम्ही रस्साच ओरपला. शेवटी ताईने वाटणाचा डबा लपवला.

भाची आली. पहिला घोट घेऊन म्हणाली, "बाबा, सेम टू सेम!" भाऊजी आनंदाने खुर्चीवरून उठलेच. "बघ! मग आता तिकडे कशाला जायचं? घरी होतं ना!" भाची नुसती वाटी पुढे करून म्हणाली, "अजून वाढा ना." भाऊजींनी काठोकाठ वाढलं.

ती परत गेली त्याला वर्ष झालं. भाऊजी अजून दर रविवारी सूप करतात आणि स्कूटरवरून कल्याणला माझ्याकडे डबा पोचवतात. हल्ली त्याचा पुन्हा रस्सा झालेला असतो. परवा मी म्हटलं, "भाऊजी, एवढी यातायात कशाला? आम्ही करू की घरी." एरवी या वाक्यावर ते खूश झाले असते. हेल्मेट न काढताच म्हणाले, "अरे, हाताला तिघांचं माप बसलंय. दोघांत संपत नाही रे." मी त्यांना आत बसवलं आणि त्यांच्यासमोरच दोन वाट्या संपवल्या.