डग्लस मास्तर आणि टांग्याचा घोडा

माझं लग्न लागायच्या वेळी मी मांडवात नव्हतो, तबेल्यात होतो.

यात माझी चूक नव्हती. घोड्याचीही नव्हती. चूक असलीच तर जॅझ नावाच्या संगीताची, आणि ते सोलापुरात आणलं माझ्या सासऱ्यांनी.

सासऱ्यांचं नाव दगडू. मी त्यांना मामा म्हणायचो, शुक्रवार पेठेतले लोक मास्तर म्हणायचे आणि मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलच्या दारावर एकेकाळी त्यांचं नाव ‘डग्लस आणि मंडळी’ असं रंगवलेलं होतं. (‘दगडू’च्या तालावर साहेबलोक नाचणार नाहीत, असं मॅनेजरचं म्हणणं पडलं!) मामा मूळचे सोलापूरचेच. काकाच्या बँडमध्ये ट्रंपेट शिकले आणि मिसरूड फुटायच्या आत मुंबईला पळाले. तिथं हॉटेलात बशा धुता धुता त्यांनी दाराच्या फटीतून जॅझ ऐकलं, आणि त्यांच्या हातून बशा फुटायला लागल्या. नोकरी गेली. पण ज्याच्यामुळं गेली, त्या गोव्याच्या वादकानंच त्यांना हाताशी धरलं. पुढं बरीच वर्षं मामा काळा कोट घालून वाजवत होते, स्वतःच्या धुना बांधत होते, आपली मंडळी सांभाळत होते. मग हॉटेलातलं नाचणं थांबलं. रेकॉर्डवर भागायला लागलं. दारावरची पाटी उतरली आणि डग्लसचा पुन्हा दगडू झाला. बायको मुंबईतच वारली होती. एक ट्रंपेट आणि एक वयात आलेली मुलगी घेऊन मामा सोलापूरला परतले.

इथं त्यांनी लग्नाचा बँड काढला. वादक सगळे गिरणीतले. मामांनी त्यांना जॅझ शिकवायला घेतलं.

“ठेका सोडायचा न्हाय,” मामा ढोलवाल्या लक्ष्मणला सांगायचे, “पर ठेक्याच्या उरावरबी बसायचं न्हाय. जरा मागनं यायचं.”

“म्हंजी उशिरा यायचं?”

“व्हय. पर मुद्दाम.”

“मास्तर, मी तर रोजच उशिरा येतो की!”

वरातीत जॅझ कुणाला हवं होतं? लोकांना नागीण हवी होती. मामा नागीण वाजवायचे. पण मधेच असा काही वळसा घ्यायचे, की नाचणारा पोरगा रस्त्यावर पालथा, डोक्यावर हाताचा फणा, आणि पुढं काय करायचं ते न कळून तसाच पडलेला! “मास्तर, सरळ वाजवा की!” असा ओरडा झाला, की मामा मान हलवायचे आणि सरळ वाजवायचे. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी पाहिलेला आहे. इस्त्रीच्या कोटाला कुणी हात पुसावेत तसा व्हायचा.

त्यांच्या मुलीशी, सुशीलाशी माझं लग्न ठरलं, तेव्हा मामांनी एकच अट घातली. वरातीत बँड त्यांचाच असेल आणि ट्रंपेट ते स्वतः वाजवतील.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, खाटेवरून उठूनच बसले. “मुलीचा बाप पिपाणी वाजवत वरातीच्या पुढं? लोक काय म्हणतील?”

“दादा, पिपाणी नाही. ट्रंपेट.”

“तू गप बस! अजून लग्न व्हायचंय, तवर सासऱ्याचा झाला!”

मी भांडलो. (आयुष्यात दादांशी मी भांडलो ते एवढं एकदाच. अनुभव चांगला नव्हता.) कारण सुशीलानं मला जे सांगितलं होतं, ते दादांना ठाऊक नव्हतं. मामांचे वरचे दात हलायला लागले होते. हिरड्या सुजायच्या, वाजवून झालं की रुमाल लाल व्हायचा. डॉक्टर म्हणाले होते, पुढचे सगळे दात काढावे लागतील. ट्रंपेट ओठांवर दाबून फुंकायचा असतो, आणि ओठांना मागून आधार दातांचा. दात गेले की वाजवणं गेलं. “पोरीचं लग्न होऊ द्या,” एवढंच मामा डॉक्टरांना म्हणाले. लग्नासाठी त्यांनी एक नवी धून बांधली होती. कुणाला ऐकवली नव्हती. सुशीलालासुद्धा नाही.

शेवटी दादा कबूल झाले, आणि माझ्यासाठी एका टांगेवाल्याचा घोडा ठरला. मी जन्मात गाढवावरसुद्धा बसलो नव्हतो!

“डरू नक्को साब,” टांगेवाला म्हणाला. “लई गरीब जनावर है.”

वरात निघाली. मी घोड्यावर, अंगात मित्राचा कोट. श्वास घ्यायचा तर वरचं बटण सोडावं लागत होतं आणि बटण सोडायला हात मोकळे नव्हते, कारण दोन्ही हातांनी मी घोड्याची मान धरली होती. पुढं मामा. मुंबईचा काळा कोट, केस चापून बसवलेले. नागीण झाली. गाणी झाली. दादासुद्धा हळूहळू खांदे हलवायला लागले. मग चौकात मामांनी हात वर केला आणि सगळा बँड गप्प झाला. ढोलही थांबला. त्या शांततेत मामांनी डोळे मिटले आणि एकट्यानं नवी धून सुरू केली.

पहिले दोन-चार सूर मी ऐकले. कुणीतरी आपल्याला लांबून नावानं हाक मारतंय आणि आपल्याला ओ देता येत नाहीये, तसे ते सूर होते. आणि घोडा वळला.

नंतर कळलं ते असं. ढोल थांबला म्हणजे वरात संपली आणि आता घरी जाऊन हरभरे खायचे, एवढंच त्या गरीब जनावराला माहीत होतं! टांगेवाला समोर चहा पीत होता. मी “थांब, थांब” म्हणत होतो. पण घोड्याला मराठी कळत नसावं.

“नवरा पळाला!” मागून कुणीतरी ओरडलं.

“अरे धरा त्याला!” हा आवाज दादांचा. “लग्न मोडतोय रांडेचा!”

अख्खी वरात माझ्यामागं धावली. बायका, पोरं, फेट्यातले काका, चहाचा कप हातात तसाच धरलेला टांगेवाला. दोन बोळ ओलांडून घोडा तबेल्यात शिरला. छप्पर इतकं ठेंगणं, की मी त्याच्या मानेवर आडवा झालो म्हणून डोकं वाचलं. घोड्यानं टोपल्यात तोंड घातलं. आतून टांगेवाल्याची बायको बाहेर आली.

“कौन है जी?”

“मी... नवरदेव.”

“किसका?” ती म्हणाली. “हमारे घर में शादी नै!”

मला खाली उतरवेपर्यंत, दादांचं ऐकून घेईपर्यंत आणि मी पळून जात नव्हतो हे सगळ्यांना पटेपर्यंत बराच वेळ गेला. तिकडं मांडवातून निरोपावर निरोप येत होते. मुहूर्ताची आम्हाला भीती नव्हती. पण लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांना पुढचं एक लग्न लावायचं होतं. मित्रानं मला सायकलच्या मागं बसवलं. गळ्यात हार घालून, कॅरियरवर बसून मी चौकात परत आलो.

चौक मोकळा होता. बँडवाले कडेला उभे होते आणि मामा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. मांडीवर ट्रंपेट, तोंडावर रुमाल. त्यांनी डोळे मिटून अख्खी धून वाजवली होती, शेवटपर्यंत. डोळे उघडले तेव्हा समोर कुणी नव्हतं.

“मामा,” मी म्हणालो, “घोडा...”

“कळलं,” ते म्हणाले. “लागलं न्हाय न्हवं?”

मग लक्ष्मणकडं वळून त्यांनी विचारलं, “तू तर हितंच हुतास. कसं झालं रे?”

लक्ष्मण अवघडला. “मास्तर, कुटं घुसायचं ते मी मोजत हुतो. ऐकलंच न्हाय.”

मामा उठले. “थांबा. जावईबापूंसाठी परत वाजवतो.” त्यांनी ट्रंपेट ओठांना लावला, गाल ताणले, आणि नुसती हवा आली. पुन्हा फुंकलं. पुन्हा हवाच. रुमाल लाल झाला होता. त्यांनी ट्रंपेट लक्ष्मणच्या हातात दिला आणि माझ्या हाराची एक सुटलेली सर नीट करत म्हणाले, “चला. पोरगी वाट बघती.”

मांडवापर्यंत ते माझ्या शेजारून चालत आले. बँड पुन्हा नागीण वाजवत होता. अगदी सरळ.

पुढं दात काढले. कवळी आली. मामा बँडच्या पुढं नुसते हात हलवत चालायचे. ती धून कुणालाच येत नव्हती. वाया जाऊ नये म्हणून मी म्हटलं, मी शिकतो. (ज्यानं पळवली, त्यानंच परत आणावी, असं सुशीलाचं मत होतं!) कवळी काढून मामा बोळक्या तोंडानं मला सूर गुणगुणून दाखवायचे, अर्धे सूर वाऱ्यावर जायचे, आणि मी फुंकायचो. शेजारच्या काकू पहिल्याच आठवड्यात विचारायला आल्या, तुमची म्हैस आजारी आहे का? आम्ही म्हैस पाळलेली नव्हती.

“पोटातनं फुंका, जावईबापू.”

“पोटातूनच फुंकतोय, मामा.”

“मंग जेवण कमी करा.”

मला एक सूर साधला. एकच, पण लांबलचक. दुसरा येईतो मामा गेले. शेवटी शेवटी तापात ते बोटांनी चादरीवर वाजवत होते. सुशीला ती बोटं बघत बसायची. बोटं कळत होती, सूर कळत नव्हते.

शोकसभेला पेठेतले सगळे आले. लोक बोलले, सगळे चांगलंच बोलले. मग लक्ष्मणनं ट्रंपेट माझ्या हातात दिला. “वाजवा, साहेब. मास्तरांचं तुमालाच येतंय.” मी नाही म्हणणार होतो, पण सुशीलानं माझ्याकडं पाहिलं. मी उभा राहिलो, डोळे मिटले आणि मला येणारा तो एकुलता एक सूर पोटातून, जीव तोडून, दम संपेपर्यंत फुंकला. मामांनी ऐकला असता तर खूश झाले असते, असं मला वाटलं. भरल्या डोळ्यांनी मी पाहिलं, तर पुढच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले होते. मला भरून आलं.

तेवढ्यात त्यांतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, “चल लवकर, गिरणीचा भोंगा झाला!”