आवाज बंद केल्यावर
गुलमंडीवर घोंगड्यांच्या दुकानापुढून गेलं की लोकरीचा वास येतो आणि करमाडजवळच्या एका गावातली शाळा आठवते. खिडक्यांना घोंगड्या लावून आम्ही अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी भरदुपारी अंधार केला होता. गावातल्या बायांच्या मनातली भानामतीची भीती घालवायची, म्हणून त्यांना भुताच्या सिनेमाची सुरुवात दाखवत होतो: पाठमोरी बाई केस विंचरतेय, हळूहळू वळतेय. संगीतासकट पाहताना बाया किंचाळल्या. मग तेच दृश्य आवाज बंद करून दाखवलं, तर पुढं बसलेली एक जण म्हणाली, "अगं बया, हिच्या तर डोक्यात उवा झाल्यात!" सगळी शाळा हसली. तेवढ्यात दार ढकलून एक म्हातारी आत आली. गावात कुणाचंही काही दुखलं की हिचीच भानामती म्हणायचे. "मलाबी बघू द्या की गं," ती म्हणाली. हसू जागीच थांबलं. उवांवालीनं लेकरू पदराखाली ओढलं, अन् बघता बघता सगळ्या उठून गेल्या. म्हातारी पुढं येऊन एकटीच बसली. "लाव बाबा आवाज," म्हणाली, "मला नाय भ्या वाटत." आजही संताप होतो तो याचा, की सिनेमातल्या भुताचं तोंड दिसेपर्यंत तरी लोक बसून राहतात, हिच्या तोंडाकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही.