आईंच्या बोटातला चिमटा

हॉस्पिटलमधून ह्यांचा फोन आला, "आई गेली गं," तेव्हा मी कणीक मळत होते. रडू यायच्या आधी चीडच आली. म्हटलं, या बाईने शेवटपर्यंत कोणाचं म्हणून ऐकलं नाही... दीड महिना होत आला, चीड अजून गेलेली नाही.

सासूबाई माझ्या. जन्म गेला पालिकेच्या दवाखान्यात आयाचं काम करण्यात. फुप्फुसांचं दुखणं वाढलं तेव्हा हॉस्पिटलने त्यांना एका अटीवर घाटकोपरला घरी सोडलं: बोटाला एक चिमटा दिवसभर लावून ठेवायचा. त्यातून ऑक्सिजनचे आणि नाडीचे आकडे मोबाइलवरून थेट हॉस्पिटलात जायचे, तिथे बसलेली एक मुलगी ते बघायची. घरी राहायचं तर एवढंच करायचं होतं. पण आईंना स्वस्थ बसवेल तर शपथ. शेजारच्या कांबळेबाई आल्या की, "हात द्या बघू, फार थकलेल्या दिसता." चिमटा त्यांच्या बोटाला. मग इस्त्रीवाला, मग वरच्या मजल्यावरची बाळंतीण. लगेच तिकडून फोन, "मावशींची नाडी एकदम एवढी कशी वाढली?" मी पोळी तव्यावर टाकून धावायचे आणि सांगायचे, "अहो, ती त्यांची नाही." एकदा वैतागून म्हटलं, "आई, हे काय हळदीकुंकू आहे का, आल्यागेल्याला लावायला?" त्या हसल्या. "अगं, तेवढंच कोणीतरी विचारतं त्यांना, बरी आहेस ना म्हणून."

व्हायचं तेच झालं. आकडा बिघडला की ती मुलगी आधी हेच विचारायला लागली, "चिमटा कोणाला लावलाय?"

त्या दुपारीही तिने तेच विचारलं. घरात आम्ही दोघीच. आईंचे ओठ निळे पडले होते, श्वासासरशी खांदे वर-खाली होत होते. फोन माझ्या कानाला होता, आणि आईंनी माझं मनगट धरलं. "सांग... कांबळेबाई आहेत." मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. मरायचं तर या घरातच, वॉर्डात नाही, असं त्या कायम म्हणायच्या. वॉर्डातली मरणं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती.

मी म्हटलं, "आईच आहेत. अॅम्ब्युलन्स पाठवा." त्यांनी मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. बोलायला दम तरी कुठे होता म्हणा. अतिदक्षता विभागात अंगभर वायरी होत्या, आणि पडद्यावरचा आकडा न् आकडा त्यांचाच.

पुन्हा तशी वेळ आली तरी मी खरंच सांगेन. माणूस डोळ्यांदेखत घुसमटत असताना हातावर हात धरून कोण बसेल? पण हे खोटं त्यांनी माझ्याच तोंडून का मागावं, याचा मला राग येतो. भयंकर राग येतो.

त्यांच्या पलंगावरची चादर मी दर रविवारी बदलते. तिथे कोणी झोपत नाही. परवा हे म्हणाले, "कशाला गं सारखी धुतेस?"

मी म्हटलं, "त्यांना घरी यायचं होतं ना."