सात रविवार पुढे ढकललेली ओळ

"बायोप्सीचा रिपोर्ट आलाय. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. म्हणजे जिभेचा कॅन्सर," डॉक्टर म्हणाले. मग विचारलं, "जखम कधीपासून आहे?"

"पंधरा दिवस झालं असतील," आक्का म्हणाली. आक्का माझी थोरली बहीण.

माझ्या मांडीवर वही होती. मी बेळगावात कॉलेजच्या ऑफिसात काम करते. आक्का निपाणीत एकटी राहते. दर रविवारी मी तिच्याकडे जाते, जाण्याआधी कामांची यादी करते. मी मागची पानं उलटली. 'आक्काची जीभ दाखवणे' ही ओळ सात रविवार मी पुढच्या पानावर उतरवत आले होते. प्रत्येक पानावर तिच्या वरची ओळ 'मिश्री भाजणे'. त्यापुढे मात्र झाल्याची खूण.

"सात आठवडे," मी डॉक्टरांना सांगितलं. "कमीत कमी."

आमच्याकडे दाढ दुखली की बायका मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, बोटानं चोळायची. आक्काला वाटलं, मोडकी दाढ जिभेला टोचतेय. "मिश्री लावली की बधिर हुतंय. डॉक्टर कशाला गं?" तिचा हात दुखायचा, म्हणून भाजून मीच द्यायचे.

जगण्याची शक्यता किती, असं मी विचारलं.

"आकडा मागू नका," डॉक्टर म्हणाले. "कॅन्सर किती खोल गेलाय, मानेतल्या लिम्फ नोड्समध्ये, म्हणजे गाठींमध्ये, पोचलाय का, कापलेल्या भागाच्या कडा स्वच्छ, म्हणजे कॅन्सरविना, मिळतात का आणि तंबाखू आजपासून सुटते का, यावर बरंच ठरतं."

मी चार ओळी लिहिल्या. "आणि उशीर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तो पहिल्या दोन्हींत असतोच, ताई."

ऑपरेशनमध्ये जिभेची डावी बाजू आणि मानेतल्या गाठी काढल्या. शुद्धीवर आल्यावर आक्कानं पाटीवर लिहिलं, 'आता तू बोल. जन्मभर माझंच ऐकलंस.' मी हसले. बाहेर बाकावर येऊन बसले तेव्हा वही उघडायचं धाडस झालं नाही.

काढलेल्या भागाचा रिपोर्ट नंतर आला. कडा स्वच्छ. एका गाठीत कॅन्सर. सातांपैकी कुठल्या रविवारी तो तिथवर पोचला, हे कुणालाच सांगता येणार नाही. मी अजून मोजते.

मग सहा आठवडे रेडिएशन, म्हणजे किरणांचे उपचार. घसा भाजून निघाला. नाकातल्या नळीतून पातळ पेज.

याला दोन वर्षं झाली. तपासण्या आजवर ठीक आहेत. आक्काचे शब्द जड येतात, एक भाकरी संपायला तास लागतो. पण ती समोर बसून खाते. नळी काढणाऱ्या सिस्टरना ती अजून घरच्या शेंगा नेऊन देते.

तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवा. दुखत नसली तरी.

गेल्या सोमवारी मी रजेवर होते. आक्काबरोबर तिच्या गल्लीतून जाताना भाजक्या तंबाखूचा वास आला आणि माझे पाय थांबले. आक्का थांबली नाही. ती थेट शेजारच्या सुशीच्या स्वयंपाकघरात शिरली, मी मागोमाग. तिनं सुशीला खुणेनं तोंड उघडायला सांगितलं.

"अगं आक्का, मला काय धाड भरलीया?" सुशी हसली.

आक्कानं स्वतःचं तोंड उघडून दाखवलं.

सुशीनं गॅस बंद केला. मग हळूच आ केला. गालाच्या आत पांढरा चट्टा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पंधरा दिवस झालं असतील."

मी वही काढली नाही.

"चप्पल घाल," मी म्हणाले. "बेळगावची बस आत्ता आहे."