चढावरचा बाक

माझे वडील सातारा जिल्ह्यात शिक्षक होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. नोकरीच्या काळात जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत त्यांची ड्युटी लागली. शेवटची सहा वर्षं ते आमच्याकडे, सिडनीच्या केलीव्हिलमध्ये राहिले. ते इथले नागरिक नव्हते, त्यामुळे त्यांना मत नव्हतं. म्हणूनच असेल, इथल्या निवडणुकीत त्यांचं लक्ष माझ्यापेक्षा जास्त होतं.

कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निकालाचे केंद्रवार आकडे मी ऑफिसातून छापून आणायचो. अण्णा ते दोनशे पानी वहीत उतरवायचे. वहीचा शेवटचा रकाना 'कारण' असा होता. त्यात 'पाऊस', 'पार्किंगची बोंब', 'उमेदवार घरोघर फिरला' अशा नोंदी असत. या वहीवरूनच मला कळलं, की ओढ्याच्या पलीकडची जुनी घरं एका वयस्कर अपक्ष नगरसेवकाला मत देतात, आणि अलीकडची आमची नवी वसाहत व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरेल त्याला देते.

"तीन जागा आहेत, पसंतीक्रम लिहायची सोय आहे, आणि तुम्ही लोक एक आकडा लिहून घरी येता," अण्णा एकदा म्हणाले. "उरलेला कागद काय बंबात घालायला?"

"मत दिलं नाही तर दंड होतो. म्हणून जातो आम्ही, अण्णा."

"मग बरोबर आहे. दंडापुरतं मत."

आमच्या घरापासून वाचनालयापर्यंत चढ आहे. अण्णा रोज सकाळी तिथे जात आणि अर्ध्या वाटेत एका घराच्या लेटरबॉक्सला धरून थांबत. ते घर त्याच नगरसेवकाचं निघालं. एके दिवशी त्याने बाहेर येऊन झाडाखाली प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. पुढे काही महिने ती तिथेच असायची. अण्णा तिच्यात बसत, आणि दोघं शाळेच्या पुस्तकातल्यासारख्या सावकाश इंग्रजीत बोलत. सार्वजनिक जागेत खुर्ची ठेवल्याची कोणीतरी तक्रार केली, तेव्हा त्याने ती आत घेतली आणि तिथे कायमचा बाक बसवावा असा प्रस्ताव कौन्सिलमध्ये मांडला. कौन्सिलने रहिवाशांची मतं मागवली.

आमच्या ग्रुपवर एका दुपारी लांबलचक मेसेज आला. मी मीटिंगमध्ये होतो. बाक झाला की बाहेरचे लोक येऊन बसतील, सिगरेटी ओढतील, असं काहीसं त्यात होतं. खाली अंगठ्यांची रांग लागली होती. मीही अंगठा दिला. मी सगळ्यालाच देत असे: गणपतीची वर्गणी, कचऱ्याच्या डब्यांचा वार, हरवलेलं मांजर. ग्रुप चालवणाऱ्याने अंगठे देणाऱ्यांची नावं एकत्र करून हरकत म्हणून कौन्सिलला पाठवली.

कौन्सिलच्या सभेची कागदपत्रं वाचनालयात मिळतात. अण्णा ती पहिल्या पानापासून वाचत. एका संध्याकाळी जेवताना त्यांनी एक पान माझ्यासमोर ठेवलं आणि हरकतीखालच्या एका नावावर बोट टेकवलं.

"हे तुझंच ना?"

मी वरचा मजकूर वाचला. त्या दिवशी पहिल्यांदाच. "मी वाचलं नव्हतं, अण्णा."

"ते दिसतंच आहे." मग त्यांनी माझ्या बायकोकडे वळून दही मागितलं. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

बाकाचा निर्णय लांबणीवर पडला. हरकत मागे घेतो असं एक पत्र लिहायचं मी ठरवलं होतं. दहा ओळींचं पत्र. ते लिहिण्याआधी अण्णांचं हृदय थकलं, आणि जुलैत ते गेले.

सप्टेंबरात कौन्सिलची निवडणूक होती. आमचं मतदान केंद्र असलेल्या शाळेच्या फाटकाशी तो नगरसेवक स्वतःच पत्रकं वाटत उभा होता.

"वडिलांचं कळलं. वाईट झालं," तो म्हणाला. "माझ्या पत्रकाचा कागद फार जाड आहे, निम्म्या जाडीत भागेल, असं सांगायचे मला. या वेळी पातळ घेतलाय, बघ. आणि खुर्ची अजून गॅरेजमध्येच आहे."

हरकतीच्या कागदावरची नावं त्याच्याही समोर आली असणार. तरी एक प्रत त्याने माझ्यापुढे धरली. मी पत्रक घेतलं.

रांगेत बायको म्हणाली, "कोणाला द्यायचं ते ग्रुपवर आलंय."

"वाचलं."

"मग?"

"या वेळी वाचलं."

मी पेन्सिलने सगळ्या चौकटींत आकडे लिहिले आणि पहिला त्याला दिला. मागच्या माणसाला थांबावं लागलं.

तो पडला. बाकाचा प्रस्तावही त्याच्याबरोबर मागे पडला. बाक हवा असं पत्र मी नव्या कौन्सिलला पाठवलं आहे, एकट्याच्या नावाने. अजून फक्त पोच आली आहे.

निकालाचे आकडे आले तेव्हा मी अण्णांची वही काढली आणि त्यांच्यासारख्याच रेघा मारल्या. आमच्या शाळेच्या केंद्रावर त्याची मतं मागच्या खेपेपेक्षा घटली होती. 'कारण' या रकान्यात मी 'बाक' असं लिहिलं. थोड्या वेळाने त्याच्यापुढे सही केली, पूर्ण, वाचता येईल अशी.